जिभेआधी बोट

वर्ष-सव्वा वर्षाचं लेकरू आईच्या कडेवर बसलंय. वर फळीवर बिस्किटांचा डबा आहे. लेकरू हात लांबवतं, एक बोट डब्यावर रोखतं, मान वळवून आईच्या तोंडाकडे बघतं, परत डब्याकडे बघतं आणि म्हणतं, "अं!" शब्द म्हणावा असं त्यात काहीच नाही. तरी आईला सगळं कळतं आणि ती हातातलं काम टाकून डबा काढते.

शेजारच्या घरात दोन वर्षांचं लेकरू आहे. बिस्कीट त्यालाही हवंय. ते आईचं मनगट पकडतं, तिला ओढत फळीखाली आणतं आणि तिचा हात वर ढकलतं. तिच्या तोंडाकडे बघत नाही. उंचावरचं काही काढायला आपण काठी वापरावी, तसा ते तिचा हात वापरतं. बिस्कीट हाती आलं की पाठ फिरवून निघून जातं.

दोघांनाही अजून "आई" म्हणता येत नाही. गावात दोघांबद्दल एकच वाक्य बोललं जाईल, "बोलत नाही अजून." पण पहिल्याचं बोलणं सुरू झालेलं आहे, जीभ तेवढी मागून येते आहे. दुसऱ्याकडे मात्र जाणत्या माणसानं आताच नीट बघायला हवं. जालन्यात काय, अख्ख्या मराठवाड्यात काय, लेकराचं बोलणं आपण जिभेवर मोजतो. ते त्याआधी कानात, डोळ्यांत आणि बोटात असतं. हा लेख त्या बोटासाठी आहे.

घरात काळजीचा विषय निघाला की आजी म्हणते, "त्याचा बापबी चौथ्या वर्षी बोलला व्हता. बोलंल की, काय घाई हाय?" आजीचं म्हणणं सगळंच चूक नाही. दोन वर्षांपर्यंत कमी बोलणारी पुष्कळ लेकरं पुढे आपोआप बाकीच्यांना गाठतात. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हेही खरं, पण तो फरक महिना-दोन महिन्यांचा असतो, वर्षांचा नसतो. अडचण अशी की आपोआप गाठणारं लेकरू कोणतं आणि न गाठणारं कोणतं, हे नुसतं थांबून कळत नाही. ते कळतं दुसऱ्याच खुणांवरून. सांगितलेलं समजतं का? "चप्पल आण" म्हटल्यावर, बोटानं न दाखवता, आणतं का? रिकामी वाटी तोंडाला लावून दूध प्यायल्याचा खेळ खेळतं का? दर महिन्याला दोन-चार नवे शब्द, निदान नवे हावभाव तरी येतात का? ही सगळी उत्तरं "हो" असतील तर आजीचा धीर पुष्कळसा खरा ठरतो. "नाही" असतील तर त्याच धीरानं मोलाचं वर्ष जातं.

वाचा-भाषा तज्ज्ञ, म्हणजे ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो, ते तीन गोष्टी वेगवेगळ्या बघतात: उच्चार, भाषा आणि संवाद. घरात आपण तिन्हींची गल्लत करतो. तीन वर्षांची एक मुलगी विचारते, "मादी दादी तुते देली?" ऐकणारा हसतो. पण नीट ऐका. "माझी गाडी कुठे गेली?" या प्रश्नात मालकी आहे, प्रश्न आहे, आणि गाडी स्त्रीलिंगी म्हणून "माझी" आणि "गेली" बरोबर जुळवलेले आहेत. मराठीचं एवढं व्याकरण तिनं पाठशाळेविना गिळलंय. जिभेचा मागचा भाग उचलून "क" आणि "ग" काढायला तिला अजून जमत नाही, म्हणून ती पुढच्या दातांवर "त" आणि "द" काढते. त्या वयाला हे चालतं. "र"चा "ल" होणं, "घर"चं "गल" होणं, "पुस्तक"चं "पुत्तक" होणं हेही त्यातलंच. "र", "ळ", "ण", "श" ही अक्षरं उशिराच बसतात.

उलट चार वर्षांचा एक मुलगा शंभरापर्यंत अंक खणखणीत म्हणतो, टीव्हीवरची जाहिरात शब्दन् शब्द म्हणतो. पाहुण्यांपुढे घरचे त्याला उभं करतात. पण "तुझं नाव काय?" विचारलं की तो म्हणतो, "तुझं नाव काय." तहान लागली की म्हणतो, "तुला पाणी पायजे का?" उच्चार स्वच्छ आहेत, अडलंय ते संवादाच्या जागी. "मी" आणि "तू" बोलणाऱ्यागणिक पालटतात ही गोष्ट त्याला अजून लागलेली नाही. पाणी मिळण्याच्या आधी जे वाक्य कानावर येतं, तेच त्यानं पाण्याचं नाव म्हणून उचललंय. तो वेड्यासारखं बोलत नाही. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याचं वाक्य अगदी तर्काला धरून आहे. ते समजून घेतलं की पुढचं सुचतं. पाणी देताना आपणच त्याच्या वतीनं म्हणायचं, "मला पाणी पाहिजे."

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या भागाची आहे. गावाकडचं लेकरू "पानी", "लोनी" म्हणतं तो उच्चारदोष नव्हे. घरात तसंच बोलतात, त्यानं तसंच उचललं, म्हणजे त्याचा कान उत्तम आहे. दिवसभर आई-आजीत वाढणारा मुलगा "मी जाते" म्हणतो तेव्हाही तेच. मंठा-परतूर भागातल्या तांड्यावरच्या घरात गोरमाटी, जालना शहरात कुठे दखनी, कुठे मारवाडी. अशा घरांना हमखास सल्ला मिळतो की घरची भाषा बंद करा, म्हणजे लेकरू मराठी, नाहीतर इंग्रजी, लवकर बोलेल. हा सल्ला चूक आहे. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. आणि जी भाषा आईला मनापासून येते, तीच तिच्याकडून बंद करवली, तर लेकराशी ती बोलणार कशात?

वयाचे ठोकताळे थोडक्यात असे. ६-७ महिन्यांत "बाबाबा", "दादादा" अशी बडबड. ९-१० महिन्यांत नाव घेतल्यावर मान वळवणं. १२ महिन्यांच्या आसपास टाटा करणं, बोट दाखवणं, पहिला अर्थाचा शब्द. दीड वर्षात दहा-वीस शब्द. दोन वर्षांत पन्नासेक शब्द आणि "बाबा गेले", "दूध नको" अशी जोडी. तीन वर्षांत लहान वाक्यं, आणि परक्या माणसालाही बरंचसं समजावं इतपत स्पष्टपणा. एखादा महिना इकडे-तिकडे झाला म्हणून घाबरायचं नाही. पण वर्ष सरलं तरी बडबड नाही, हावभाव नाहीत. दीड वर्षात एकही शब्द नाही. दोन वर्षांत दोन शब्द जुळत नाहीत. यातलं एकही दिसलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि आलेले शब्द गेले, बघणं-हसणं कमी झालं, तर वय कोणतंही असो, वाट बघायची नाही. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात या टप्प्यांची चित्रं असतात. लसीच्या तारखा आणि वजन त्यात निगुतीनं भरलं जातं, चित्रांचं पान पुष्कळदा कोणी उघडत नाही.

दाखवायला गेल्यावर पहिली तपासणी कानाची. बोलणं उशिरा असलेल्या प्रत्येक लेकराची, घरच्यांना कितीही खात्री असली तरी. "ट्रॅक्टर आला की पळत जातं, ताट पडलं की दचकतं, मग ऐकू येतंच की," असं आईबाप म्हणतात, आणि इथेच फसगत होते. ट्रॅक्टरचा, ढोलाचा आवाज जाड आणि मोठा असतो. तो कानाइतकाच अंगालाही जाणवतो. बोलण्यातले "स", "श", "फ", "त" बारीक आणि हलके असतात. कानातला बारीक आवाज टिपणारा भाग कमजोर असेल तर लेकराला ट्रॅक्टर ऐकू येतो, पण "सश्या" आणि "आत्या" दोन्हींतून नुसते स्वर पोचतात. ते हाकेला कधी येतं, कधी येत नाही. घरचे म्हणतात, हट्टी आहे. वारंवार सर्दी होणाऱ्या लेकराच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी असंच होतं. डोहात बुडी मारून वरच्या माणसांचं बोलणं ऐकावं तसं त्याला ऐकू येतं, आणि तेही काही आठवडे असतं, काही आठवडे नसतं.

तपासणी अवघड नाही आणि दुखत तर अजिबात नाही. ओएई नावाच्या तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी बोंडी ठेवतात. तिच्यातून टिकटिक आत जाते. आतला कान धडधाकट असेल तर तिथल्या केसांसारख्या पेशी उलट एक अतिशय बारीक आवाज बाहेर टाकतात, तो यंत्र पकडतं. शंका राहिली तर बेरा: कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, ते विजेच्या लहरींवरून बघतात. लेकरानं हात वर करायचा नाही की "हो" म्हणायचं नाही, म्हणून चार दिवसांच्या बाळाचीही होते. जगभर मानला गेलेला दंडक असा की पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. कारण बोलणं शिकणारा मेंदूचा भाग आवाजाची वाट बघत कायम मोकळा राहत नाही. काही वर्षांनी तो दुसऱ्या कामाला लागतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं ते जन्मतः न ऐकू येणाऱ्या ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्या कामाचं मध्यवर्ती ठिकाण आहे.

मामाच्या मुलीशी लग्नं आपल्याकडे होतात, म्हणून हेही. बहिरेपणाचा एखादा दोष आईकडे एक आणि बापाकडे एक असा दडून असू शकतो. दोघांनाही छान ऐकू येतं. एकाच घराण्यातले असल्यानं दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो, आणि मग दर बाळंतपणाला चारात एक शक्यता असते की बाळाला दोन्हीकडून तोच मिळेल. यात कोणाचं पाप नाही. पण अशा घरात आधी कोणी न ऐकू येणारं असेल तर नव्या बाळाचे कान पहिल्याच महिन्यात तपासून घ्यावेत. गरोदरपणी आईला रुबेला झाला तरी बाळाचा कान जाऊ शकतो. ९ महिन्यांच्या पुढे आणि मग दीड वर्षाच्या आसपास दिली जाणारी गोवर-रुबेलाची लस आजच्या मुलीला आणि तिच्या उद्याच्या बाळालाही राखते.

कान चांगले निघाले आणि तरी बोट नाही, नावाला ओ नाही, नजर जुळत नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासन् तास फिरवणं आहे, तर तज्ज्ञ स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा विचार करतात. १९४३मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर इथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची वर्णनं छापली, तेव्हापासून या वेगळेपणाला नाव आहे. पुढे जे झालं ते वाईट होतं. आईच्या मायेत कमी पडलं म्हणून मूल असं झालं, हा समज दोन-तीन दशकं मोठमोठ्या लोकांनी मांडला. ब्रुनो बेटलहाइम यांचं १९६७चं पुस्तक त्यात गाजलं. १९७७मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास छापला. हुबेहूब जुळ्यांमध्ये एकाला स्वमग्नता असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा खूप जास्त दिसलं. मूळ जडणघडणीत आहे, मायेत नाही, हे तिथून ठरत गेलं.

तिकडे तो समज खोटा ठरून इतकी वर्षं झाली तरी आपल्या ओसरीवर आईच आरोपी असते. "गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही." "दिवसभर मोबाईल देते." "लेकराशी बोलतच नाही." मला या आयांबद्दल फार वाटतं. शेतात नाहीतर कारखान्यात राबून आलेली बाई स्वयंपाक होईपर्यंत लेकराच्या हातात मोबाईल देते, कारण दुसरं कोणी घ्यायला नसतं. मोबाईलमुळे स्वमग्नता होते याला आधार नाही. मोबाईल खातो तो बोलण्याचा वेळ. पडद्यावरचं गाणं लेकराच्या "अं" ला उत्तर देत नाही, थांबत नाही, त्याच्या बोटाकडे बघत नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच. लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. तो चालतो, कारण पलीकडची आत्या उत्तर देते.

जिभेवरचे उपाय मात्र थांबवायला हवेत. वेखंड उगाळून चाटवल्यानं भाषा येत नाही. जीभ खालून चिकटलेली असेल तर तान्ह्या बाळाला दूध ओढायला जड जातं, पुढे एखाद-दुसरा उच्चार अडू शकतो. पण जीभ सोडवली म्हणून शब्द येत नाहीत, समज येत नाही. जे लेकरू बोट दाखवत नाही, त्याची अडचण जिभेखालच्या पापुद्र्यात नसते.

वाट कुठे आहे? फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधले ३० आजार आणि दोष हुडकायचे, त्यात ऐकणं, बोलणं आणि विकासातली दिरंगाईही. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडीनं येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. शंका वाटली की चिठ्ठी जिल्ह्याला, जिथे बालरोगतज्ज्ञ, कान तपासणारे, वाचा उपचार करणारे एका छताखाली असावेत अशी या कार्यक्रमाची आखणी आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. पलीकडे छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता, वाचा-भाषेतलं अपंगत्व आणि शिकण्यातली अडचणही आली. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालेल्या स्वमग्न मुलाला नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यातून १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रमाणपत्राला आईबाप बिचकतात, शिक्का बसेल म्हणून. शिक्का गावानं आधीच मारलेला असतो, "घुमं", "येडं" असा. कागदावर निदान नेमकं नाव असतं आणि त्याला हक्क चिकटलेले असतात.

पण मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. आठवड्यातून दोनदा थेरपीला जायचं तर दोन रोज बुडतात. म्हणून खरी थेरपी घरी, रोजच्या कामात. तज्ज्ञाकडे महिन्यातून एकदा गेलं तरी त्यांना विचारायचं, घरी काय करू?

मोसंबीचंच घ्या, जालन्यात घरोघर असते. आपण लेकराला समोर बसवतो आणि परीक्षा घेतो, "हे काय आहे? म्हण, मोसंबी! म्हण ना!" लेकरू गप्प होतं. त्याऐवजी आईनं खाली बसावं, तोंड लेकराच्या तोंडासमोर, आणि सोलता सोलता बोलावं. "साल. साल काढू. ही बघ फोड. आंबट!" तोंड वाकडं करावं. एक फोड द्यावी आणि थांबावं. दुसरी फोड हातात, आपल्या डोळ्यांजवळ धरलेली. गप्प. मनात पाच मोजायचे. लेकरानं बघितलं, हात हलवला, "अं" केलं, काहीही केलं की लगेच द्यायची आणि त्याच्या वतीनं एकच शब्द म्हणायचा, "फोड!" त्यानं "फोड" म्हटलं तर आपण "आंबट फोड." त्याच्यापेक्षा एकच पाऊल पुढे. जे लेकरू चाकच फिरवतं, त्याचं चाक हिसकावायचं नाही. शेजारी बसून आपणही फिरवायचं, "गरगर... थांब!" म्हणायचं आणि हातानं थांबवायचं. चाक का थांबलं म्हणून ते एकदा वर बघेल. ती नजर पकडायची.

हे पाच मोजणं सगळ्यांत अवघड. आपण लेकराच्या आधीच बोलून टाकतो, आधीच देऊन टाकतो. प्रेमानंच.

अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली पुष्कळ घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षातून दोनदा येणारं पथक अंगणवाडीत आलं त्या दिवशी लेकरू फडावर असलं, तर अर्धं वर्ष नव्हे, पुष्कळदा पुरतं वर्ष हुकतं. दोन वर्षांच्या लेकराचं एक वर्ष म्हणजे निम्मं आयुष्य. म्हणून ज्या घरात बोट नाही, शब्द नाही, त्या घरानं टोळी निघायच्या आधी अंगणवाडीच्या सेविकाताईंना गाठून कान तपासून घ्यावेत, कार्ड सोबत न्यावं, आणि जिथे कोपी, म्हणजे झोपडी, पडेल तिथल्या अंगणवाडीत ते दाखवावं. आईबाप पहाटेच फडात जातात. मग कोपीपाशी लेकराजवळ दिवसभर कोण असतं? सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा बुडते आहे हा वेगळा आणि मोठा अन्याय आहे, तो मिटायलाच हवा. पण तोवर लेकराशी दिवसभर बोलणारं माणूस तीच आहे, आणि तिला कोणी काही सांगत नाही. निघण्याआधी तिला दोन मिनिटं जवळ बसवून सांगावं: बाळानं मागायच्या आधीच वाटी देऊ नकोस. वाटी तुझ्या तोंडाजवळ धर, त्याच्याकडे बघ, आणि मनात पाच म्हण.